प्रश्न क्रमांक अठ्ठावीस

दुपारी तीन ते सात हॉटेल झोपतं.
त्या वेळी बागांना कुलूप असतं,
म्हणून वाढपी नदीपात्रात येतात, झेड ब्रिजच्या सावलीला.
पांढरे शर्ट लावलेल्या दुचाक्यांच्या आरशांवर,
बूट उशाशी, बुटात मोजे, मोज्यात मोबाईल.
आमच्या शास्त्रात याला विभाजित पाळी म्हणतात.
ते म्हणतात, ब्रेक.
मी प्रश्नावल्या मांडीवर घेऊन बसते,
कुणाला जाग येईतो.

विषय : पुणे शहरातील आदरातिथ्य उद्योगातील
मनुष्यबळाची टंचाई, एक चिकित्सक अभ्यास.
'चिकित्सक' मॅडमनी घातलं.
त्यांच्याकडे सगळेच अभ्यास चिकित्सक असतात.

त्रेचाळीस मॅनेजर झाले.
एकेचाळीस म्हणाले, हल्लीच्या पोरांना कष्ट नकोत.
शब्द तेच, उसासा तोच.
आणि चहा प्रत्येकाने स्वतः आणला,
कारण आणायला पोरगा नव्हता.

वाकडेवाडीच्या लॉजवर इंदू खिलारे
एका पाळीत सोळा खोल्या करते.
चादरीचा कोपरा असा दुमडते
की आत काही महत्त्वाचं पत्र असावं.
पूर्वी चौघी होतो, म्हणते.
आता मी, आणि ती एक, सोमवारपर्यंत.
तुम्ही का नाही सोडलंत?
सासूला शुगर आहे. दवाखाना इथून जवळ पडतो.
मी लिहिते : संस्थेप्रती निष्ठा.
रिक्षात बसल्यावर खोडते.

गेलेल्यांना प्रश्नावली देता येत नाही.
ही अभ्यासाची मर्यादा, पहिल्याच प्रकरणात नोंदवली आहे.
दोनशे बारा उरलेल्यांना विचारून
मी शोधते आहे
लोक का जातात.

नाना पेठेत शकूर पेंटर.
त्याच्याकडे नमुना म्हणून नव्हे, सहज गेले होते.
'पाहिजेत : वेटर, तंदूरवाला, मोरीवर माणूस.
राहण्या-जेवणाची सोय.'
पूर्वी हे पुठ्ठ्यावर मागायचे, तो म्हणाला,
आठ दिवसांचं काम, मग काढून टाकायचे.
आता पत्र्यावर, ऑइलपेंटमध्ये.
एकाने तर परवा वर बल्ब लावून घेतला.
टंचाई कधीपासून जाणवते तुम्हाला?
मला कशाला जाणवेल बाई, माझं बरं चाललंय.
फक्त पत्रा महागला.
हे मी अजून कुठल्याच प्रकरणात बसवू शकलेले नाही.

'मला माझ्या कामात आदर मिळतो.'
एक म्हणजे पूर्ण असहमत, पाच म्हणजे पूर्ण सहमत.
चमोलीचा हरीश नेगी डोळे चोळत उठतो,
पेन हातात घेतो, विचारतो,
कुणाकडून?
तो रकाना नाही माझ्याकडे.
तीन कर, म्हणते. तीनने कुणाचं बिघडत नाही.

प्रश्न क्रमांक अठ्ठावीस : मासिक उत्पन्न (ऐच्छिक).
तो बोटांवर मोजतो. पगार. टीप.
सर्व्हिस चार्ज, जो बिलात दिसतो
आणि गल्ल्याच्या अलीकडे कधी येत नाही.
मग सहज, पाणी हवंय का विचारावं तसं,
आणि तुमचं, मॅडम?

तासिका तत्त्वावर आहे रे.
तासाचे मिळतात. सुट्टी पडली की नाही मिळत.
मे महिन्यात काहीच नाही.
किती वर्षं?
अकरा.
जागा नाहीत का कॉलेजात?
नऊ मंजूर आहेत. सहा रिकाम्या.
मग माणसं मिळत नाहीत?
मी पुलाकडे बघते. वरून कुणीतरी हॉर्न वाजवत जातं.

त्याने मोज्यातून मोबाईल काढला,
माझा हिशेब केला, दोनदा केला,
आकडा मला दाखवला नाही.
खालचं वर्तमानपत्र मधोमध फाडून
अर्धं माझ्या बाजूला सरकवलं.
पडा थोडं. पावणेसातला उठवतो.

खरंच उठवलं.
नदीचा वास, डोक्याखाली दोनशे बारा मतं,
आणि माझ्या गालावर कागदाची शाई.
एकेक शर्ट आरशावरून उतरला, माणूस झाला,
पुलाच्या पायऱ्या चढून गेला.

एक शर्ट राहिला.
गाडीवाला आला, इकडेतिकडे पाहिलं,
शर्ट कठड्यावर ठेवला, बटणं वरच्या बाजूला,
आणि किक मारली.
हरीशने मागे वळून पाहिलं.
नाव त्याला माहीत असणार.
मी विचारलं नाही.